नॉर्मल मॅडम

— नाही हो, तो स्क्रूड्रायव्हर आधी पेटीत ठेवा. मशीन कुठे पळून जात नाही. या, आत या, दार लोटा. त्या खुर्चीत नको, तिथे मी बसणार आहे — तुम्ही ही दुसरी घ्या, भिंतीजवळची. का म्हणजे काय, टेबलामागची माझी खुर्ची आज टोचतेय मला, झालं समाधान? बसा. चहा घेणार? नको? बरोबर आहे तुमचं. मागच्या खेपेला चहा न विचारता तासभर उभं केलं होतं मी तुम्हाला, सगळ्या लॅबसमोर, आणि विचारलं होतं की तुमच्या कंपनीत इंजिनियर घेताना परीक्षा घेतात की नुसता टाय बघतात. आज टाय घातला नाहीत. चांगलं केलंत, तसाही तो तुम्हाला शोभत नव्हता. हे बघा, लगेच तोंड पाडू नका. सहा आठवड्यांत तिसऱ्यांदा आलात, तिन्ही वेळा मी बोलावलं म्हणून आलात, आणि आज मी तुम्हाला मशीन उघडू देणार नाहीये. आज फक्त ऐकायचं. ऐकायचे पैसे कंपनी देते की नाही ते तुम्ही आणि तुमची कंपनी बघा.

मला सांगा, आमच्या मशीनवर सकाळी पहिली नळी कोणाची लागते, माहितेय? नाही माहीत. दोनदा येऊन गेलात, आतल्या नळ्या बदलल्यात, पंप बदललात, पण हे विचारावंसं नाही वाटलं. मीच सांगते. पेशंटांचं रक्त लावायच्या आधी आम्ही एका नॉर्मल माणसाचं रक्त लावतो — म्हणजे असा माणूस की ज्याचे आकडे आम्हाला पाठ आहेत. सोमवारी आणि गुरुवारी त्याचं रक्त काढायचं, मशीनला द्यायचं. मशीननं त्याचे आकडे बरोबर सांगितले की समजायचं, मशीन शुद्धीवर आहे. हो, हो, तुमच्या कंपनीची ती छोटी बाटलीही लावतो — कंट्रोल की काय म्हणता ती — पण मी तिला कधी धूप घातला नाही. कंपनीची बाटली, कंपनीचं मशीन, एकमेकांना ओळखणारच की! घरचाच साक्षीदार तो. माणूस कसा, बाहेरचा असतो. त्याच्या रक्ताला तुमची कंपनी कमिशन देत नाही.

तर तो नॉर्मल माणूस म्हणजे मी. सव्वीस वर्षं. हसा, हसा, इथे सगळेच हसतात. माझ्यामागे मला नॉर्मल मॅडम म्हणतात, मला कळत नाही असं त्यांना वाटतं. मी इथे लागले तेव्हा बत्तीसची होते, पाच पुरुष आणि मी. पहिल्याच आठवड्यात म्हातारा टेक्निशियन — त्याला सगळे अण्णा म्हणायचे — सुई घेऊन आला आणि म्हणाला, नॉर्मल हवंय, कोण देतंय? काय सांगू तुम्हाला! एकाला त्या क्षणी सर्दी झाली. एकाला आठवलं की तो सिगारेट ओढतो. एक जण, जो आज आमचा विभागप्रमुख आहे आणि टीव्हीवर रक्तदानाचं महत्त्व सांगतो ना, तोच — तो म्हणाला, मला सुईची जरा ही आहे. मी बाही वर केली. तेव्हापासून माझं हिमोग्लोबिन बारा पॉइंट आठ, पांढऱ्या पेशी सहा हजार आणि प्लेटलेट दोन लाख साठ हजार — आमच्या लॅबमध्ये पोरंपोरी पाढ्यासारखं म्हणतात ते. दोन साठ, मॅडम, दोन साठ. सासूबाई सोडल्या तर या जगात सगळ्यांनी मला नॉर्मल म्हटलंय.

हे रक्ताचं खातं घेतलंच का, असं सगळे विचारतात. तुम्ही नाही विचारलंत, तरी सांगते. निवड समितीतले एक थोर गृहस्थ म्हणाले होते, बाई, मुलांचं घ्या, नाहीतर कातडीचं घ्या, पाचला घरी जाल. रक्त म्हणजे रोज उठून कोणालातरी वाईट बातमी देणं, तुम्हाला झेपायचं नाही. मी म्हटलं, सर, घरी कोणी वाईट बातमी देत नाही असं कोण म्हणालं? तिथे हसले सगळे, आणि मार्क मात्र कमी दिले. मासिकाची मुलगी मुलाखत घ्यायला आली की मी तिला सांगते, सेवाभाव, आव्हान, वगैरे वगैरे. खरं कारण सांगू? मायक्रोस्कोपखालच्या पेशी गप्प बसतात. तुमचं लग्न झालंय का, नवरा काय करतो, मूल कधी, असं एकीनंही विचारलं नाही आजवर. फार सभ्य मंडळी.

नवरा आहे हो. चांगला माणूस आहे, हीच तर माझी तक्रार आहे. भूगोल शिकवायचा, आता निवृत्त. जगातल्या सगळ्या नद्या कुठून कुठे जातात ते त्याला ठाऊक, फक्त माणसाच्या आतली नदी बघितली की डोळे फिरवतो. रक्त बघवत नाही त्याला. दाढी करताना कापलं तर मला हाक मारतो आणि स्वतः पलंगावर आडवा होतो. रक्ताच्या डॉक्टरणीशी लग्न करायचं धाडस त्यानं कसं केलं हे मला अजून कोडं आहे. मी घरी रुग्णालयातला एक शब्द बोलत नाही त्यामुळे. एकतीस वर्षं झाली. तो विचारतो, कसा गेला दिवस? मी म्हणते, नेहमीसारखा. दोघांचंही समाधान होतं.

तर मुद्दा. दीड महिन्यापूर्वी एका सोमवारी मशीन म्हणालं, नॉर्मलच्या प्लेटलेट दोन पन्नास. ठीक. मग दोन चाळीस. मग दोन वीस. मी टेक्निशियनला झापलं — नळी नीट हलवत नाहीस तू. तिनं बिचारीनं नळी अशी हलवली की मूलही झोपलं असतं. तरी दोन दहा. मग औषधांची बाटली बदलली, मग पेटी बदलली, मग तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात, टाय घालून, आणि म्हणालात, मॅडम, कंपनीचा कंट्रोल अगदी बरोबर येतोय. मी काय म्हटलं तुम्हाला? विसरलात? मी नाही विसरले. मी म्हटलं, माझं रक्त सव्वीस वर्षं खोटं बोललं नाहीये, तुमची बाटली मागच्या महिन्यात कारखान्यातून आलीय. दुसऱ्या खेपेला तर मी हट्टालाच पेटले. मशीनचे आकडे वर सरकवा म्हटलं, माझे दोन साठ येईपर्यंत सरकवा. तुम्ही म्हणालात, असं करता येत नाही. मी म्हटलं, येतं, आणि नाही आलं तर तुमच्या साहेबांना पत्र टाकते. तुम्ही मान खाली घालून सरकवलेत. अकरा दिवसांपूर्वी, गुरुवारी. माझे दोन साठ आले. मी लॅबला पेढे तेवढे वाटायचे बाकी ठेवले होते.

आता जरा लक्ष देऊन ऐका. परवा शनिवारी एक पेशंट आला. माझा जुना पेशंट, शाळेत शिपाई आहे, घंटा वाजवतो, त्याचाच फार अभिमान त्याला. हिरड्यांतून रक्त येतंय म्हणाला. मशीन म्हणतं, प्लेटलेट सव्वीस हजार. आमच्याकडे विसाच्या खाली गेल्या तरच बाहेरून प्लेटलेट चढवतात; सव्वीस असतील तर त्या दिवशी चढवत नाहीत, बघू म्हणतात, घरी पाठवतात. मी सही करायला पेन उचललं. पण त्याची ती हिरडी माझ्या मनाला पटेना. मी स्लाइड घेतली आणि हातानं मोजलं, जुन्या पद्धतीनं, अण्णानं शिकवलं तसं. एकोणीस. पुन्हा मोजलं, एकोणीस. त्याला भरती केलं, प्लेटलेट चढवल्या, आज सकाळी बरा आहे, परिचारिकेला विचारत होता की शाळेची घंटा कोण वाजवतंय. पण मी तिथेच बसले ना. एकोणिसाचे सव्वीस दाखवतंय म्हणजे मशीन जास्त दाखवतंय. आणि माझे? सरकवल्यावर दोन साठ आले, सोमवारी दोन पंचेचाळीस, गुरुवारी दोन वीस. म्हणून तर तुम्हाला तिसऱ्यांदा बोलावलं मी, शुक्रवारी, त्या भाषेत. आता सांगा इंजिनियरसाहेब, एकच मशीन घंटावाल्याला जास्त दाखवेल आणि मला कमी, असं होतं का? नाही होत. तुम्हाला कळलं. अर्ध्या मिनिटात कळलं तुम्हाला, मला दीड महिना लागला. आणि मी ह्या विषयावर परदेशात जाऊन भाषणं ठोकून आलेय.

काल रविवार. नवऱ्यानं विचारलं, आज गप्प का तू? मी म्हटलं, घसा बसलाय. झालं, मग दिवसभर घसा बसल्याचं सोंग आणावं लागलं. त्यानं तीनदा मिठाचं कोमट पाणी आणून दिलं. मी गुळण्या केल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, न बसलेल्या घशासाठी मोरीत उभी राहून गुळण्या करतेय, आणि दाराबाहेर एक माणूस उभा राहून विचारतोय, बरं वाटतंय का गं? वाटतंय म्हटलं. आवाज खोल काढून.

आणि गंमत सांगू का, ही पहिली वेळ नाही. पंचवीस वर्षांपूर्वी असंच झालं होतं. माझे आकडे हलले, हिमोग्लोबिन उतरलं, पांढऱ्या पेशी चढल्या. तेव्हाचं मशीन म्हणजे एवढं धूड होतं, चार माणसांनी उघडलं, पुसलं, बंद केलं. अण्णा कोपऱ्यात उभा. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, मॅडम, मशीन नाही हललं. तुम्ही हललात. जरा तपासून घ्या. दोन दिवसांनी कळलं, मला दिवस गेलेत. नवऱ्याच्या आधी, सासूच्या आधी, माझ्याही आधी अण्णाला कळलं होतं. तीच माझी मुलगी. तेव्हा मी शपथ घेतली होती की नॉर्मल हललं तर आधी नॉर्मलला तपासायचं. लिहूनसुद्धा ठेवलंय, लॅबच्या नियमांत सातवा नियम, माझ्याच अक्षरात, भिंतीवर चिकटवलाय. मशीनच्या बरोब्बर वर. तुम्ही दोनदा त्याच्याखाली वाकलात.

आज अण्णा नाही. मीच आले सकाळी, सातला, लॅबमध्ये कोणी नव्हतं. माझ्या रक्ताची स्लाइड केली. तुम्हाला सांगते, सव्वीस वर्षांत माझी स्लाइड मी एकदाही पाहिली नव्हती. नॉर्मलची स्लाइड कोण बघतं? आकडे आले, बरोबर आले, नळी फेकून दिली. पाहिली आज. ज्या कच्च्या पेशी हाडाच्या आत राहायच्या, बाहेर रक्तात एकही दिसायची नाही, त्या येऊन बसल्यात. शंभरात आठ मोजल्या. पुन्हा मोजल्या तर नऊ. मला जिने चढताना दम लागायचा दोन महिने, मी म्हणायचे लिफ्ट दुरुस्त करत नाहीत हे लोक, व्यवस्थापनाला दोन पत्रं लिहिली. नीट केली हो त्यांनी लिफ्ट. लिफ्टमध्येही दम लागायचा, मग मी म्हटलं, हवा खेळत नाही.

मग मी काय केलं? स्लाइडवर नाव न घालता विभागप्रमुखाकडे नेली. तोच, सुईची ही असलेला. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, माझ्या आधी प्रमुख झाला, कारण म्हणे बैठकांना वेळ देऊ शकतो. त्यानं डोळा लावला, वीस सेकंद, वर बघितलंसुद्धा नाही. वय काय? मी म्हटलं, अठ्ठावन्न, बाई. हं, म्हणाला, उद्या हाडातला मगज काढून तपासायला लावा, पण सरळच आहे हे, रक्ताचा कॅन्सर. एकटीला सांगू नका, घरच्या कोणालातरी बोलवा. मी म्हटलं, हो सर. त्याला हे मीच शिकवलंय, बरं का. अक्षरन् अक्षर माझं आहे ते वाक्य.

माझा नियमच आहे. ही बातमी मी एकट्या माणसाला देत नाही. पहिलं वाक्य एकच — बरोबर कोण आलंय? पेशंट ह्या खुर्चीत, जिथे मी बसलेय ना, इथे, आणि सोबतचा माणूस तुमच्या खुर्चीत. दोघं बसल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. कारण पेशंटला तिसऱ्या वाक्यानंतर काही ऐकू येत नाही. पुढचं सगळं त्या दुसऱ्या खुर्चीनं ऐकायचं असतं — औषध कधी, खर्च किती, केस जातील का, आणि हेही की बरेच जण बरे होतात. होतात हो. मी उगाच नाही सांगत, खरंच होतात. आणि आज मी पहिल्यांदा ह्या बाजूला बसलेय, तर बघते काय, इथून खिडकी दिसतच नाही. नुसत्या माझ्या पदव्या दिसतात, चौकटीतल्या, रांगेनं. सव्वीस वर्षं लोकांना हे दाखवत होते मी! उद्या काढायला लावते.

असे अवघडून बसू नका. तुम्हाला सांगायला नव्हतं बोलावलं मी. तुम्हाला फक्त सांगणार होते की मशीन पूर्वीसारखं करा आणि जा. पण सकाळपासून त्या खुर्चीत कोणाला बसवायचं हा प्रश्न पडलाय मला. नवऱ्याला बसवलं तर मलाच उठून त्याला सावरावं लागेल, पाणी मारावं लागेल, आणि पेशंट म्हणून मला ते शोभणार नाही. राहिली मुलगी. ती असते दूर, नाटकांचे दिवे सांभाळते — बघा, हे आता बरोबर सांगता येतं मला. आठ महिन्यांपूर्वी नव्हतं आलं. तिला ताप होता, तर मी तिला फोन करायच्या आधी तिकडच्या लॅबचा माणूस तिच्या दारात पाठवला, रक्त काढायला. रिपोर्ट आल्यावर फोन केला, म्हटलं काळजी करू नकोस, सगळं छान आहे. ती म्हणाली, आई, माझ्या प्लेटलेट तुला तोंडपाठ आहेत, मी सध्या काय काम करते ते सांग बरं. मी म्हटलं, ते — कपडेपट. ती म्हणाली, तो दोन वर्षांपूर्वी. आणि ठेवला फोन. तेव्हापासून आमचं दर रविवारी एक संदेश येणं-जाणं. ठीक? ठीक. बस.

कोणाला सांगू नका हं, सकाळी मी तिला फोन केला. सोमवारी, साडेसातला. चार रिंग झाल्या आणि मीच कापला. काय सांगणार होते? माझं नॉर्मल हललंय? लहानपणी शाळा सुटली की ती इथेच यायची, त्या कपाटापाशी खाली बसून चित्रं रंगवायची. तिला सगळं कळायचं. मी बरोबर कोण आलंय असं विचारलं की ती आपली रंगपेटी उचलून निमूट बाहेर जायची, दार ओढून घ्यायची. सहा वर्षांची होती. कोणी शिकवलं नव्हतं तिला. तिच्यापुरतं त्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच होतं.

मला तिची गरज आहे. झालं, बोलले. आजवर माझ्या नवऱ्याला नाही बोलले हे, आणि तुम्हाला, ज्याला मी दीड महिना गाढव म्हणत होते — मनात, हो, बहुतेक वेळा मनातच — तुम्हाला सांगतेय. खुर्चीचा गुण असावा.

बरं, ते राहू द्या. तुमचा तो कागद द्या. सर्व्हिस रिपोर्ट. द्या इकडे, मी लिहिते. मशीनमध्ये कोणताही दोष नव्हता. अकरा दिवसांपूर्वी आकडे वर सरकवले ते माझ्या हट्टामुळे, इंजिनियरनं विरोध केला होता. हे लिहिलं, हे खाली अधोरेखित केलं, ही सही. तुमच्या साहेबांना दाखवा, बढती द्या म्हणावं. आता तुम्ही बाहेर जाऊन आकडे होते तसे करा. ह्या अकरा दिवसांतले सगळे रिपोर्ट परत तपासायचेत, टेक्निशियन सकाळपासून फोन करून लोकांना परत बोलावतेय — ज्यांच्या प्लेटलेट कमी होत्या त्यांना आधी. आणि येत्या गुरुवारच्या नळीसाठी दुसरा नॉर्मल शोधायला सांगा तिला. विभागप्रमुखाला विचारा म्हणावं. त्याला जरा ही होईल, होऊ दे.

थांबा, फोन वाजतोय माझा. कुठे ठेवला मी — त्या कागदाखाली, तुमच्या पेटीशेजारी, द्या. द्या म्हणते ना! — अगंबाई. तिचाच आहे. नाही, उठा तुम्ही. उठा, काम झालं तुमचं. ही खुर्ची लागेल मला. जा. आणि जाताना दार ओढून घ्या.

हॅलो — हो, मीच. नाही गं, चुकून नव्हता लागला. नाही, बाबा ठीक आहेत. आवाज? घसा बसलाय जरा — नाही. नाही बसलेला. ऐक. कुठे आहेस तू आत्ता? दिवे लावतेयस? शिडीवर आहेस का? उतर आधी. उतरलीस? बस कुठेतरी. ऐक ना, मला एक सांग —

बरोबर कोण आहे तुझ्या?

हॅलो?

अगं, हॅलो —